फौजेचा दाणागोटा परत द्या : युद्धाचे खेळ बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
प्राचीन युद्धांवर स्ट्रॅटेजी गेम तयार करणाऱ्या कंपन्या, त्यांचे डिझायनर आणि या खेळांतली इतिहासाची टिपणं लिहिणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी आणि माझी नववीतली लेक, आम्ही दोघं एक खेळ चार वर्षं खेळतोय. गेल्या महिन्यात त्याची नवी आवृत्ती आली. काय काय बदललं त्याची यादी वाचताना मी दोन ओळींवर अडकलो. सैन्याला लागणाऱ्या रसदीचा हिशोब काढून टाकला आहे, कारण त्याने खेळ रेंगाळतो, ही पहिली ओळ. शत्रूचं मुख्य सैन्य एका लढाईत संपवलं की त्याचं राज्य आपोआप शरण येईल, ही दुसरी. खेळाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या त्या खेळाचा नाही. या प्रकारचे पाच-सहा खेळ मी खेळलोय आणि सगळे हळूहळू याच वाटेने चाललेत.

त्याच रात्री लेकीने रोमशी लढणाऱ्या कार्थेजच्या हॅनिबलची बाजू घेऊन इटलीतली, इ.स.पू. 216 मधली कॅनीची लढाई मांडली. वीस मिनिटांत रोमन फौज घेरली, कापली आणि लढाई जिंकली. पुढच्या तीन चालींत रोम पडलं. पडद्यावर विजयाचं संगीत वाजत होतं आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मग खऱ्या हॅनिबलने असं का नाही केलं? त्याला सुचलं नाही का?"

हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहितोय. माझ्या मुलीला वाटलं की जगातला एक थोर सेनापती तीन चालींचं गणित चुकला. तिला असं वाटण्याला तुम्ही जबाबदार आहात.

माझा काय संबंध, तेही सांगतो. मी लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद खात्यात, चोवीस वर्षं काढली. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता सातारा जिल्ह्यात गावी शेती बघतो. नोकरीतली बरीच वर्षं खेचरांच्या कंपनीत गेली. एका हिवाळ्यात काश्मीरमधल्या एका ठाण्यावर आम्ही माल चढवत होतो. बर्फावर एका खेचराचा मागचा पाय सरकला आणि रॉकेलचे डबे नि डाळीची गोणी घेऊन ते खाली नाल्यात गेलं. खेचर वाचलं, ओझं गेलं. संध्याकाळी ठाण्यावरच्या साहेबांनी माझी वही मागवली, कंदिलाखाली आकडे बघितले आणि त्या आठवड्याची लांबची गस्त रद्द केली. माणसं होती, गोळ्या होत्या, शत्रू होता तिथेच होता. पण बर्फ वितळवून पाणी करायला रॉकेल पुरणार नव्हतं. एका जनावराचं एक पाऊल चुकलं आणि पंधरा जवान आठवडाभर जागेवर बसले. ती वही ज्याने हातात धरलीय, त्याला रसद म्हणजे खेळ रेंगाळायला लावणारी कटकट वाटू शकत नाही.

तर माझी पहिली तक्रार रसदीचीच.

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार रोमन शिपायाचा शिधा नोंदवून गेलाय. पायदळातल्या माणसाला महिन्याला दोन-तृतीयांश मेडिम्नस गहू मिळायचा. आजच्या मापात सुमारे 27 किलो, म्हणजे रोजचे 900 ग्रॅम. कॅनीला हॅनिबलकडे 40,000 पायदळ आणि 10,000 घोडदळ होतं, हाही आकडा त्याचाच. हॅनिबलचे शिपाई तेवढंच खात होते असं धरलं, तर 50,000 माणसांना रोज 45 टन धान्य. घोड्याला कमीत कमी तीन किलो दाणा धरला तरी 10,000 घोड्यांचे 30 टन. गवत आणि पाणी वेगळं. एकूण झाले 75 टन. आमच्याकडे खेचराच्या पाठीवर दोन मण घालायचे, म्हणजे साधारण 75 किलो. याचा अर्थ हजार खेचरांचं ओझं, आणि तेही एका दिवसाचं.

कॅनी ते रोम हे अंतर साधारण 400 किलोमीटर. एवढी फौज दिवसाला 20 किलोमीटर चालली तर उत्तम चालली म्हणायचं. म्हणजे वीस मुक्काम. आता ते खेचर स्वतः काय खातं बघा. रोज अडीच किलो दाणा धरला तर वीस दिवसांत 50 किलो. पाठीवरच्या 75 किलोंपैकी 50 किलो त्याच्याच पोटात जातात. रोमच्या तटाखाली पोचतात 25. हा हिशोब मी लेकीला वहीच्या पाठपानावर करून दाखवला. तिने दोनदा तपासला आणि मग विचारलं, वाटेतली गावं लुटून खाता येणार नाही का?

येतं. हॅनिबल इटलीत तसाच तर जगला. पण लुटीवर जगायचं म्हणजे फौज पांगवावी लागते. आज शंभर माणसं या खोऱ्यात, दोनशे त्या खोऱ्यात, आणि पांगलेल्या टोळीवर कुणीही घाला घालतं. फेबियस या रोमन सेनापतीने कॅनीच्या आदल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं. तट नसलेल्या गावांतल्या लोकांना त्याने सुरक्षित जागी हलवलं, मागे उभं पीक ठेवू नका म्हणून बजावलं आणि स्वतः डोंगराच्या कडेकडेने हॅनिबलच्या मागे राहिला. समोरासमोर लढला नाही, दाणा गोळा करायला निघालेल्या टोळ्या तेवढ्या मारत राहिला. आणि मोठ्या शहराला वेढा घालायचा तर फौज एका जागी बसते. बसलेली फौज चार-आठ दिवसांत भोवतालचा मुलूख खाऊन मोकळी होते.

खुद्द कॅनीची लढाई तिथे का झाली, हे तुमच्या टिपणात कुठेही नाही. कॅनीच्या गढीत रोमनांचं धान्याचं कोठार होतं. आजूबाजूच्या मुलखातला गहू तिथे साठवला होता आणि तिथून छावणीला पोचत होता. हॅनिबलने आधी ती गढी घेतली. रोमनांचा दाणा तुटला, म्हणून त्यांना लढाईला यावं लागलं. दोन हजार वर्षं जी लढाई लष्करी शाळांतून शिकवतात, तिची पहिली चाल गव्हाच्या कोठारावर होती. तुमच्या नकाशावर कॅनी म्हणजे फक्त हिरवं मैदान आहे.

लिव्ही हा रोमन इतिहासकार लिहितो की लढाईनंतर महार्बल या घोडदळाच्या सरदाराने हॅनिबलला सांगितलं, पाचव्या दिवशी तुम्ही रोमच्या कॅपिटोल टेकडीवर जेवाल. हॅनिबल थांबला, तेव्हा महार्बल म्हणाला की तुम्हाला विजय मिळवता येतो, वापरता येत नाही. लिव्हीचं मत असं की त्या एका दिवसाच्या दिरंगाईने रोम वाचलं. लिव्हीने हे दोनशे वर्षांनी लिहिलंय. मला रसदवाल्याला हॅनिबलचंच बरोबर वाटतं. त्याला सुचलं नव्हतं असं नाही. त्याला आपली वही माहीत होती.

दुसरं उदाहरण चीनचं देतो, कारण तिथे तर सगळी लढाईच दाण्यावर फिरली. इ.स.पू. 260 मध्ये चांगपिंगला छिन आणि झाओ या दोन राज्यांच्या फौजा समोरासमोर होत्या. छिनचा राजा स्वतः जवळच्या प्रांतात गेला, पंधरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना त्याने भरती केलं आणि ती माणसं झाओची रसद आणि कुमक तोडायच्या कामावर लावली. झाओची फौज 46 दिवस अन्नाशिवाय कोंडून राहिली आणि शेवटी शरण आली. सिमा छ्येन हा चिनी इतिहासकार चार लाखांच्या वर माणसं मारल्याचं लिहितो. तो आकडा मोठाच वाटतो, पण 46 दिवसांची गोष्ट खरी वाटते. उपासमार दिवसांतच मोजतात. आणि एवढं करूनही झाओचं राज्य संपलं नाही. त्यानंतर छिनने झाओच्या राजधानीला, हानदानला, वेढा घातला आणि त्यांना तो उठवावा लागला.

इथूनच माझी दुसरी तक्रार सुरू होते. एका लढाईत राज्य शरण येतं हे तुम्ही कुठून आणलं?

कॅनीत पॉलिबियसच्या मते 70,000 रोमन मेले. लिव्हीच्या मते 45,500 पायदळ आणि 2,700 घोडदळ. कुठलाही आकडा धरा, असा दिवस रोमने पाहिला नव्हता. लढाईनंतर हॅनिबलने तहाचं बोलायला आणि कैदी सोडवून घ्यायला माणूस पाठवला. रोमने त्या माणसाला शहरात पाऊल ठेवू दिलं नाही. खंडणी देऊन आपले कैदी सोडवायलाही नकार दिला. सरकारने 8,000 गुलाम विकत घेऊन फौजेत भरले. देवळांत टांगलेली, जुन्या विजयात लुटून आणलेली शस्त्रं उतरवून नव्या पोरांच्या हातात दिली. बायकांनी तीस दिवसांपेक्षा जास्त सुतक पाळू नये असा ठराव केला, कारण घरोघरी सुतक होतं आणि शहरातले धार्मिक विधी बंद पडत होते. हा ठराव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ अंगणात बसलो होतो. ज्या राज्याला हे सुचतं, ते लढाई हरलं म्हणून युद्ध हरत नाही. त्यानंतर युद्ध चौदा वर्षं चाललं. इ.स.पू. 202 मध्ये झामाला हॅनिबल हरला, तो आफ्रिकेत, त्याच्या स्वतःच्या घराजवळ.

यामागे एक मोठा आकडा आहे. कॅनीच्या नऊ वर्षं आधी, इ.स.पू. 225 मध्ये, रोम आणि त्याच्या मित्रांकडे शस्त्र धरू शकणारे 7,00,000 पायदळ आणि 70,000 घोडेस्वार होते, असं पॉलिबियस सांगतो. युद्धाचा निकाल या याद्यांत होता. कॅनीच्या मैदानावर जे दिसलं ते त्याचं एक पान. तुमच्या खेळात मात्र तिजोरीत सोनं असलं की दोन चालींत तुकडी उभी राहते आणि सोनं नसलं की राहत नाही. माणूस कुठून आला, त्याच्या शेताचं काय झालं, हे विचारायची सोयच नाही.

आम्हा मराठी माणसांना हे समजायला लांब जावं लागत नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर काय झालं ते घराघरात माहीत आहे. ते प्राचीन युद्ध नाही, पण धडा तोच. लढाईआधी दोन-अडीच महिने छावणी कोंडली गेली, दाणापाणी तुटलं, सोबत बुणग्यांचा, म्हणजे न लढणाऱ्या माणसांचा, आणि यात्रेकरूंचा भार. उपाशी फौज शेवटी बाहेर पडून लढली. तुमच्या नव्या नियमाने त्या दिवशी मराठी राज्य शरण यायला हवं होतं. 1771 मध्ये महादजी शिंद्यांची फौज दिल्लीत होती.

एका लढाईने राज्य गेलं असं कधी झालंच नाही, असं मी म्हणत नाही. गॉगामेलाचं उदाहरण माझ्याविरुद्ध देता येईल. इ.स.पू. 331 मध्ये तिथे सिकंदर जिंकला आणि पारशी साम्राज्याचा कणा मोडला. पण कसा मोडला ते बघा. पारशी राजा दारयुश पळाला. त्याच्या उजव्या बगलेचा सेनापती मझाइओस बाबिलॉनला पोचला आणि लढण्याऐवजी त्याने शहर सिकंदरच्या हवाली केलं. सिकंदरने त्यालाच तिथला सुभेदार नेमलं. साम्राज्य पडलं ते अशा माणसांनी दरवाजे उघडायचं ठरवलं म्हणून. आणि जिथे लोकांनी तसं ठरवलं नाही, त्या मध्य आशियातल्या बॅक्ट्रिया आणि सोग्डियानात सिकंदर पुढे वर्षानुवर्षं अडकून पडला, गॉगामेलासारखी एकही मोठी लढाई न होता. हा सगळा राजकारणाचा भाग तुमच्या एका ओळीने पुसला गेला.

तिसरी तक्रार तुमच्या ज्ञानकोशातल्या आकड्यांची. गॉगामेलाच्या पानावर 'पारशी सैन्य: 10,00,000' असं छापलंय. खाली ना कुणाचं नाव, ना शंका. हा आकडा ॲरियन या ग्रीक लेखकाने दिलेला आहे आणि त्याने तो लढाईनंतर चारशेहून जास्त वर्षांनी लिहिलाय. तुमच्याच खेळातल्या दुसऱ्या पानावर ग्रीसवर चालून गेलेल्या पारशी राजा झर्क्सिसचं 17 लाख पायदळ आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने ते कसं मोजलं तेही लिहिलंय: 10,000 माणसं दाटीवाटीने उभी केली, भोवती रेघ ओढून कुंपण घातलं आणि ते कुंपण 170 वेळा भरून रिकामं केलं. आरमार, नोकरचाकर सगळं धरून तो 52,83,220 पर्यंत जातो. पण तोच हिरोडोटस लिहितो की एवढ्या लोकांना अन्न कसं पुरलं याचंच मला नवल वाटतं. तो प्रामाणिक माणूस होता, त्याला शंका आली. तुम्हाला आली नाही.

हान्स डेल्ब्रुक या जर्मन इतिहासकाराने एक सोपा हिशोब मांडला होता. त्याच्या काळच्या 30,000 जवानांच्या कोअरला रस्त्यावर किती लांबी लागते ते त्याने धरलं आणि झर्क्सिसच्या फौजेला लावलं. रांगेचं डोकं ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचलं असतं तेव्हा शेपूट टायग्रिसच्या पलीकडे सुसातून नुकतं निघत असतं. वाहनांचा ताफा ज्याने एकदा तरी घाटातून काढलाय त्याला हे पुस्तक न वाचताही कळतं. पुढची गाडी थांबली की मागची शंभरावी गाडी कधी हलणार, याचा अंदाज आम्ही घड्याळ बघून बांधायचो.

आणि हो, थर्मोपिलीच्या पानावर फक्त 300 स्पार्टन आहेत. शेवटच्या दिवशी थेस्पियाचे 700 जण स्वखुशीने मागे थांबले आणि मेले. त्यांचं नावही नाही. ते आधी दुरुस्त करा.

आमच्याकडच्या आकड्यांनाही हाच न्याय लावा, मला राग येणार नाही. एका अक्षौहिणीत 21,870 हत्ती, तेवढेच रथ, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ. अठरा अक्षौहिणी म्हटलं की 3,93,660 हत्ती झाले. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरा आणि कुरुक्षेत्राच्या आसपास तो कुठून आला असता ते सांगा. महाभारतातला तो आकडा काव्याचा आहे, एकास एक, तीन आणि पाच या प्रमाणाच्या गुणाकाराचा आहे. त्याचा मान काव्यात आहे. खेळाच्या टिपणात तो फौजेच्या रकान्यात घालू नका. नंदांच्या फौजेचंही तेच. जुन्या ग्रीक-रोमन लेखकांपैकी कर्टियस 3,000 हत्ती म्हणतो, डायोडोरस 4,000, प्लुटार्क 6,000. तुमच्या खेळात सरळ 6,000 आहेत. तिघांपैकी सर्वांत मोठा आकडा उचलला, एवढंच मला त्यातून कळलं.

त्या हत्तींच्या बातमीपाशी आणखी एक गोष्ट घडली होती, जी तुमच्या कुठल्याच खेळात घडू शकत नाही. इ.स.पू. 326 मध्ये सिकंदरची फौज बियास नदीवर थांबली आणि पुढे जायला तयार झाली नाही. आठ वर्षं चाललेली माणसं, घोड्यांची झिजलेली खुरं, कपड्यांच्या चिंध्या, सत्तर दिवसांचा पाऊस. हे डायोडोरस लिहितो. लढाई न होता जगातली सर्वांत विजयी फौज माघारी वळली. तुमचे शिपाई कधीच नाही म्हणत नाहीत.

चौथी तक्रार थोडक्यात. तुमच्या लढाईत हरलेली फौज जवळजवळ सगळी मरते आणि जिंकणारी निम्मी मरते. ग्रीक नगरांच्या ज्या लढायांचे आकडे टिकले आहेत त्यांची सरासरी काढली तर जिंकणाऱ्यांचे शंभरात पाचेक आणि हरणाऱ्यांचे चौदाच्या आसपास मेलेले दिसतात. म्हणजे हरलेल्यांतले शंभरात ऐंशीहून जास्त जण घरी पोचत होते. पळत होते, ढाल टाकून पळत होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहत होते. कॅनीसारखी कत्तल घेरल्यामुळे झाली, म्हणूनच ती लोकांच्या लक्षात राहिली. तुम्ही अपवादाला नियम केलात. त्यामुळे 'निर्णायक लढाई' हा तुमचा नियम तुमच्या खेळात खराही ठरतो, कारण मागे कुणी उरतच नाही.

आता कलिंग. याबद्दल मला जरा सावकाश बोलायचंय. तुमच्या खेळात कलिंगचं युद्ध ही मैदानातली एक लढाई आहे. दोन्हीकडे हत्ती, मधे नदी, आणि जिंकल्यावर 'एक लाख शत्रू ठार' अशी पाटी. हा आकडा अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला आहे. त्या लेखात लढाईचं मैदान नाही, फौजांची संख्या नाही, डावपेच नाहीत. अभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं तिथून हलवली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, एवढं आहे. आणि त्याचा पश्चात्ताप आहे. हलवलेली दीड लाख माणसं म्हणजे घरं, म्हातारी, लहान मुलं. 'कितीतरी पट मेली' यात तलवारीने मेलेले नाहीत, ते आधीच मोजून झाले. हे भुकेने, रोगाने, वाटेवर मेलेले असणार. पाटीवर फक्त पहिला लाख घेऊन तुम्ही बाकीच्यांना वगळलंत, आणि नेमके तेच रसदीच्या वहीतले लोक आहेत.

हा तेरावा लेख अशोकाने कलिंगमध्ये, धौली आणि जौगडला, कोरवलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्या डोळ्यांसमोर तो आकडा नको, असं त्याला वाटलं असावं. आपल्या नालासोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडले. त्या दगडाचा एक तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मी लेकीला दाखवला होता. ती काचेपाशी नाक लावून अक्षरं बघत होती. त्याच मुलीला तुम्ही 'एक लाख शत्रू ठार' ही पाटी टाळ्यांच्या आवाजात दाखवता. हे मला सहन होत नाही.

ऋतूंबद्दलही बोलायला हवं. कौटिल्य मोहिमेचे महिने सांगतो: मार्गशीर्ष, चैत्र, ज्येष्ठ. मार्गशीर्षात का निघायचं, तर शत्रूचं जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं कोठारात आलेलं नसतं. दिवसाची मजलही तो सांगतो, कनिष्ठ फौज एक योजन, मध्यम दीड, उत्तम दोन. हे सगळं तुमच्या हाताशी तयार आहे. मी शेतकरी म्हणून सांगतो, मार्गशीर्षातलं रान आणि भाद्रपदातलं रान एकाच फौजेला वेगवेगळं खायला घालतं. तुमच्या नकाशावर बर्फ पडतो तो दिसायला छान दिसावा म्हणून.

तुमच्या अडचणी मला समजत नाहीत असं समजू नका. पडद्यावर 86,000 रोमन उभे करता येत नाहीत. एका सैन्यात वीस तुकड्या, तुकडीत दीडशे माणसं, हे मी मान्य करतो. कॅनी तीन हजारांत मांडा, हरकत नाही. पण प्रमाण मोडू नका. माणूस लहान केलात तसं कोठारही लहान करा, काढून टाकू नका. खेळ वेगवान हवा असणारे खेळाडू आहेत, त्यांचंही खरं आहे. त्यांच्यासाठी रसद बंद करायचं बटण ठेवा. तुम्ही बटण ठेवलं नाही, खोलीच पाडली. आणि हे खेळ बनवणाऱ्यांत पुण्यामुंबईची आपली मुलंही आहेत. त्यांच्या घरात कुणी ना कुणी पानिपतची गोष्ट सांगितलेली आहे. बैठकीत त्यांनी तोंड उघडावं, एवढी माझी त्यांच्याकडून अपेक्षा आहे.

माझ्या मागण्या अशा.

काढलेली रसद यंत्रणा परत आणा, निदान ज्याला हवी त्याच्यासाठी. तिच्यात धान्य, जनावरांचा चारा आणि बुणगे हे तिन्ही असू द्या. एका लढाईत राज्य शरण येण्याचा नियम मागे घ्या. शरण जायचं की नाही हे त्या राज्याच्या माणूसबळावर, मित्रांवर आणि राज्यकर्त्यांच्या निश्चयावर ठरू द्या. म्हणजे कधी रोमसारखा नकार मिळेल, कधी बाबिलॉनसारखे दरवाजे उघडतील. हरलेल्या फौजेतली पळालेली माणसं पुन्हा गोळा होऊ द्या. भरती लोकसंख्येतून होऊ द्या, नुसत्या सोन्यातून नको. ज्ञानकोशातल्या प्रत्येक फौजेच्या आकड्यापुढे तो कुणी सांगितला आणि घटनेनंतर किती वर्षांनी, हे लिहा. दोघांचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही द्या. थेस्पियाच्या 700 जणांची नोंद घाला. कलिंगच्या पानावर शिलालेखातले तिन्ही आकडे एकत्र द्या आणि तिथलं विजयाचं संगीत काढा. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींना नवा प्रोग्राम लिहावा लागत नाही. एक माणूस एका दिवसात ते करू शकेल.

आणि एक मागणी माझ्या लेकीची. वहीतला हिशोब संपल्यावर ती म्हणाली की मला आता रोमच्या बाजूने खेळायचंय, हरल्यानंतरच्या दिवसापासून. इ.स.पू. 216, 3 ऑगस्टची सकाळ. मोठी फौज संपलेली, बातमी अजून पुरती पोचलेली नाही, कोठारात किती धान्य आहे ते मोजायचंय. असा डाव तुमच्या खेळात सुरू करता येत नाही, आम्ही शोधून पाहिलं. तो द्या.

कळावे,
आपला,
एक निवृत्त सुभेदार, आर्मी सर्व्हिस कोअर
जि. सातारा